रक्तातील परतीच्या गाड्या

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील एक गाव. विसावे शतक संपता संपता येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि शेताच्या बांधांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. कामाच्या दिवशी सकाळी या गावच्या चौकात उभे राहिलात तर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागलेली दिसेल. माणसांनी भरलेल्या गाड्या आत जातात आणि संध्याकाळी तीच माणसे घेऊन बाहेर पडतात. आता अशी कल्पना करा की सकाळच्या गाड्या नेहमीप्रमाणे आल्या, पण संध्याकाळच्या निम्म्या गाड्या आल्याच नाहीत. चार दिवसांत त्या इमारतींत पाय ठेवायला जागा उरणार नाही!

ही गाड्यांची कल्पना जरा लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

या इमारतींत काम करणाऱ्यांची बहुधा वर्षातून एकदा आरोग्यतपासणी होते. तुमचे वडील, आई, मामा किंवा थोरली बहीण अशा ठिकाणी कामाला असतील, तर रक्ततपासणीचा कागद तुमच्याही घरी आला असेल. त्यात साखर असते, एकूण कोलेस्टेरॉल असते, एलडीएल आणि एचडीएल अशी अक्षरे असतात, आणि हल्ली पुष्कळदा त्यांच्या खाली आणखी एक ओळ असते : अपोलिपोप्रोटीन ए-१. पुढे आकडा, समजा ११२, आणि त्याच्या शेजारी ठळक ठशात ‘कमी’ असा शेरा. मग घरात काळजीचे वातावरण पसरते. ‘चांगले कोलेस्टेरॉल कमी झाले’ असे कोणी म्हणते. शेजारचे काका एखादे तेल सुचवतात, कोणी गोळ्यांची जाहिरात दाखवते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हा आकडा नेमका कशाचा आहे? आणि तो कसाही करून वाढवला म्हणजे हृदय सुरक्षित झाले, असे म्हणता येईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील घनतेच्या धड्यात दडलेले आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मोठमोठ्या औषध कंपन्यांनी प्रचंड पैसा ओतला, हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि हाती आले ते बहुतेकांच्या अपेक्षेविरुद्ध होते.

तेल पाण्यात कसे न्यावे?

कोलेस्टेरॉल हे नाव आपण शत्रूच्या नावासारखे घेतो. वास्तविक ते आपल्याच यकृतात तयार होते आणि त्याच्यावाचून शरीराचे चालत नाही. प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात ते असते. पचनाला लागणारी पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि अनेक संप्रेरके त्याच्यापासून बनतात. अडचण एवढीच की हा पदार्थ तेलकट आहे आणि रक्त मुख्यतः पाणी आहे. पाण्यात तेल विरघळत नाही, हे तुम्ही फोडणीच्या भांड्यात रोज पाहता.

तेलकट भांडे स्वच्छ करायला आपण साबण वापरतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, तर दुसरे तेलाला. शरीराने हेच काम प्रथिनांवर सोपवले आहे. अपो-ए-१ हे असेच एक प्रथिन. यकृत आणि आतडे यांत ते तयार होते. २४३ अमिनो आम्लांची ही साखळी बहुतांश मळसूत्रासारखी पिळलेली असते. त्या पिळाची एक बाजू तेलकट पदार्थांकडे वळते, दुसरी पाण्याकडे. असे दोन रेणू मिळून स्निग्ध पदार्थांच्या एका चपट्या चकतीला कडेने पट्ट्यासारखे वेढा घालतात. चकतीत माल भरत गेला की ती फुगून गोल होते. या गोळीला एचडीएल, म्हणजे जास्त घनतेचे लिपोप्रथिन म्हणतात. तिचा व्यास सुमारे १० नॅनोमीटर असतो. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा हजारो गोळ्या शेजारी शेजारी सहज मावतील.

यकृतातून बाहेर माल नेणारी गाडी वेगळी असते. एलडीएल, म्हणजे कमी घनतेचे लिपोप्रथिन, हे तिचे नाव. तिचा व्यास एचडीएलच्या साधारण दुप्पट असतो आणि तिला वेढणारे प्रथिनही निराळे, अपो-बी नावाचे, आकाराने अवाढव्य. अपो-ए-१चा रेणुभार सुमारे २८,००० आहे, तर या अपो-बीचा पाच लाखांच्या वर.

आता एक गोष्ट पक्की करून घ्या. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ आणि ‘वाईट कोलेस्टेरॉल’ असे दोन निरनिराळे पदार्थ अस्तित्वातच नाहीत. दोन्ही गोळ्यांत कोलेस्टेरॉलचा रेणू तोच असतो. सकाळच्या बसमधला माणूस आणि संध्याकाळच्या बसमधला माणूस एकच असावा, तसे हे आहे. फरक आहे तो गाडीचा आणि ती कोणत्या दिशेला चालली आहे त्याचा.

घनतेचा धडा

एचडीएलची घनता जास्त आणि एलडीएलची कमी का, हे तुम्ही स्वतः गणित करून काढू शकता. प्रथिनाची घनता सुमारे १.३५ आहे आणि या गोळ्यांतील स्निग्ध मिश्रणाची साधारण ०.९६ धरू. (एकक ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर.) एचडीएलच्या वजनात निम्मे प्रथिन असते. म्हणजे १०० ग्रॅम एचडीएलमध्ये ५० ग्रॅम प्रथिनाने ३७ घन सेंटीमीटर जागा व्यापली आणि ५० ग्रॅम स्निग्धांनी ५२. एकूण ८९. शंभराला ८९ने भागा. उत्तर येते १.१२. एलडीएलमध्ये प्रथिन सुमारे २२ टक्केच असते. तेच गणित पुन्हा केलेत तर उत्तर १.०२५च्या जवळ येईल. प्रत्यक्षात मोजलेल्या मर्यादा अशा : एलडीएल १.०१९ ते १.०६३ आणि एचडीएल १.०६३ ते १.२१. आपले कागदावरचे गणित दोन्ही ठिकाणी बरोबर आत बसले!

हा घनतेतला फरक वापरून या गोळ्या वेगळ्या कशा करायच्या? दूध तापवून ठेवले की हलकी साय वर येते, पण त्याला वेळ लागतो. डेअरीत मलई काढण्याचे यंत्र दूध गरागरा फिरवून तेच काम झटपट करते. लिपोप्रथिनांच्या गोळ्या सायीच्या कणांपेक्षा कितीतरी लहान असल्यामुळे त्यांना फिरवायला फार जबरदस्त यंत्र हवे. असे यंत्र, म्हणजे अतिवेगी अपकेंद्रित्र, स्वीडनमधील अप्साला येथे थेओडोर स्वेडबेरी यांनी १९२०च्या दशकात तयार केले. त्यांना १९२६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मिनिटाला ५०,००० फेरे आणि मध्यापासून ६ सेंटीमीटर अंतर धरा, आणि कोनीय वेगाच्या वर्गाला त्रिज्येने गुणा. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १ लाख ६८ हजार पट येते. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हे करून पाहावेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बर्कले येथे जॉन गॉफमन यांनी हे यंत्र माणसाच्या रक्तावर वापरले. युद्धकाळात प्लुटोनियमवर काम केलेला आणि नंतर डॉक्टर झालेला हा संशोधक. त्यांची युक्ती तुम्ही शाळेत केलेल्या प्रयोगासारखीच होती. अंडे साध्या पाण्यात बुडते आणि मिठाच्या पाण्यात तरंगते. (अंडे आणि कोलेस्टेरॉल यांची गाठ येथे केवळ योगायोगाने पडली!) रक्तातील द्रवात क्षार मिसळून त्याची घनता वाढवायची आणि मग तो फिरवायचा. त्या द्रवापेक्षा ज्या गोळ्या हलक्या त्या वर येतात. घनता पायरीपायरीने वाढवत नेली की एकेक जात वेगळी होते. १९५० साली गॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की काही विशिष्ट हलक्या गोळ्यांचे प्रमाण हृदयरोग झालेल्यांत अधिक असते. रक्तातील एकूण कोलेस्टेरॉल मोजून भागत नाही, ते कोणत्या गाडीत आहे हे पाहावे लागते, हा विचार येथून रुजला.

परतीचा प्रवास

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या भिंतीत एलडीएलच्या काही गोळ्या शिरतात आणि अडकून पडतात. शरीराच्या भक्षक पेशी त्या गिळतात. गिळता गिळता पोटात इतका मेद साठतो की सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाने भरल्यासारख्या दिसतात. अशा पेशींचा थर वर्षानुवर्षे वाढत जातो आणि एके दिवशी तो फाटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते. हृदयविकाराचा झटका म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

अपो-ए-१चे काम येथे सुरू होते. रिकामे किंवा अर्धे भरलेले अपो-ए-१ या पेशींजवळ येते. पेशीच्या आवरणात एबीसीए-१ नावाचा एक प्रथिनाचा पंप असतो. तो आतले कोलेस्टेरॉल उचलून अपो-ए-१च्या स्वाधीन करतो. मग रक्तातले एक एन्झाइम त्या कोलेस्टेरॉलचे रूप थोडे बदलून त्याला गोळीच्या पोटात ढकलते, म्हणजे बाहेरच्या बाजूला नव्या मालासाठी जागा होते. हे एन्झाइम कामाला लावण्याचे कामही अपो-ए-१च करते. शेवटी हा माल यकृतात उतरतो आणि पित्तावाटे त्यातला काही शरीराबाहेर जातो.

हा पंप नसेल तर काय होते, हे एका लहानशा बेटाने दाखवून दिले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक उपसागरात टँजियर नावाचे बेट आहे. तेथील एका मुलाच्या घशातल्या गाठी विलक्षण मोठ्या आणि चक्क नारिंगी रंगाच्या होत्या. १९६१च्या सुमारास डोनाल्ड फ्रेड्रिक्सन यांनी त्याची तपासणी केली. त्या गाठींत कोलेस्टेरॉल ठासून भरलेले होते आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतेच. दोष नेमका एबीसीए-१च्या जनुकात आहे, हे कळायला १९९९ साल उजाडले.

प्रवासी मोजावे की गाड्या?

आता हिंजवडीच्या चौकात परत येऊ. संध्याकाळी किती वाहतूक झाली हे दोन तऱ्हांनी मोजता येईल. बाहेर पडणाऱ्या बसमधली डोकी मोजा किंवा बसगाड्या मोजा. रक्ताच्या कागदावर ‘एचडीएल कोलेस्टेरॉल’ असे लिहिलेले असते, तो डोक्यांचा आकडा. परतीच्या गाडीत बसलेले कोलेस्टेरॉल किती, एवढेच तो सांगतो. अपो-ए-१ हा गाड्यांच्या बाजूचा आकडा आहे. पण तो थोडा ढिला आहे, कारण एका एचडीएल गोळीत अपो-ए-१चे रेणू दोन असतात, तीन असतात, कधी चार किंवा अधिकही. अपो-बीचा हिशेब मात्र चोख. एका एलडीएल गोळीत अपो-बीचा रेणू एक आणि एकच. बसला ड्रायव्हर एकच असावा तसे. म्हणून अपो-बी मोजले की जाणाऱ्या गाड्यांची संख्या थेट हाती येते.

मोजण्याची रीत प्रकाशाची आहे. रक्तातील द्रवाच्या थेंबात, फक्त अपो-ए-१ला ओळखून चिकटणारी प्रतिपिंडे मिसळतात. ती अपो-ए-१च्या रेणूंना एकमेकांशी जखडतात आणि मूळच्या स्वच्छ द्रवात बारीक जाळी होऊन तो गढूळ होतो. त्यातून प्रकाशाचा किरण सोडतात. जितके अपो-ए-१ अधिक तितका गढूळपणा अधिक आणि पलीकडे पोचणारा प्रकाश कमी. थंडीतल्या पहाटे धुके किती दाट आहे हे आपण समोरच्या दिव्यावरून ठरवतो ना, तेच हे. उत्तर दर १०० मिलिलिटर द्रवात इतके मिलिग्रॅम, असे येते. प्रयोगशाळेगणिक मर्यादा थोड्या बदलतात, पण पुरुषांत १२० आणि स्त्रियांत १४०च्या खाली आकडा गेला की तो कमी समजण्याची प्रथा आहे.

या तपासणीची आणखी एक सोय आहे. भरपूर तुपाच्या जेवणानंतर रक्तातील द्रव दुधासारखा दिसतो, आणि त्यामुळे काही मापे बिघडतात. अपो-ए-१ आणि अपो-बी यांच्यावर जेवणाचा फारसा परिणाम होत नाही. ही क्षुल्लक वाटणारी सोय एका फार मोठ्या अभ्यासाच्या कामी आली, आणि त्या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे.

बावन्न देश आणि नागपूर

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत ‘इंटरहार्ट’ नावाचा अभ्यास झाला. पहिला झटका आलेले सुमारे १५,००० रुग्ण आणि त्यांच्याशी वयाने जुळणारे जवळजवळ तेवढेच निरोगी लोक यांची तुलना केली गेली. झटका आलेल्या रुग्णाला उपाशीपोटी या, असे थोडेच सांगता येते! म्हणून अपो-बी आणि अपो-ए-१ यांचे गुणोत्तर मोजले. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे गुणोत्तर सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात होते त्यांच्यात झटक्याचा संभव सर्वांत खालच्या हिश्श्याच्या तुलनेने सुमारे सव्वातीन पट होता. जाणाऱ्या गाड्या फार आणि परतीच्या थोड्या, हे लक्षण धूम्रपानाच्या पंक्तीला जाऊन बसले.

याच अभ्यासातील भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका यांची आकडेवारी २००७ साली वेगळी मांडली गेली. त्या निबंधाचे पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी. आपल्या भागात पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो आणि इतर देशांत ५८.८व्या वर्षी, असे त्यात दिसले. जवळजवळ सहा वर्षे आधी! निरोगी म्हणून निवडलेल्या लोकांतही अपो-बी आणि अपो-ए-१ यांचे गुणोत्तर वाढलेले असणाऱ्यांचे प्रमाण आपल्याकडे ४३.८ टक्के, तर इतरत्र ३१.८ टक्के होते. फावल्या वेळात व्यायाम करणारे आपल्याकडे ६.१ टक्के आणि इतरत्र २१.६. रोज फळे आणि भाज्या खाणारे २६.५ आणि ४५.२. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा मुले आधी हसतात, मग गप्प होतात.

पारा ओतून वादळ टळेल?

इतके वाचल्यावर कोणीही म्हणेल की अपो-ए-१ आणि एचडीएल वाढवणारे औषध काढा, काम झाले. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीतून कमी एचडीएल आणि हृदयरोग यांचा संबंध स्पष्ट झाला होता. टोरसेट्रापिब नावाचे औषध एचडीएल झपाट्याने वाढवत असे. १५,०६७ लोकांवर त्याची चाचणी सुरू झाली. औषध घेणाऱ्यांचे एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले. कागदावर याहून सुंदर आकडा कोणता? पण डिसेंबर २००६मध्ये चाचणी घाईघाईने थांबवावी लागली. साध्या गोळीच्या गटात ५९ मृत्यू झाले होते आणि औषधाच्या गटात ९३. या औषधाने रक्तदाबही वाढत होता, त्यामुळे दोष एचडीएलचा की औषधाचा, असा वाद राहिला.

तो वाद सोडवायला निसर्गानेच केलेला एक प्रयोग उपयोगी पडला. सुमारे २.६ टक्के लोकांत एका जनुकाचा असा प्रकार असतो की त्यांचे एचडीएल जन्मापासूनच थोडे जास्त राहते आणि बाकीच्या गोष्टी सारख्याच असतात. आईबापांकडून कोणता जनुक मिळेल ही सोडत असते. त्यात कोणाची आवडनिवड नाही. जास्त एचडीएल खरोखरच रक्षण करत असेल तर या लोकांत झटके सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसायला हवे होते. २०१२ साली हिशेब प्रसिद्ध झाला. फरक मुळीच नव्हता.

याच्या उलट टोकाची गोष्ट इटलीतली. गार्डा सरोवराच्या काठी लिमोने नावाचे गाव आहे. १९७०च्या दशकात तेथील एका रेल्वे कर्मचाऱ्याची मिलानमध्ये तपासणी झाली. त्याचे एचडीएल इतके कमी होते की रोहिण्या खराब व्हायलाच हव्यात, पण त्या उत्तम होत्या. मिलान विद्यापीठातील चेझारे सिर्तोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की त्याच्या अपो-ए-१मध्ये १७३व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले आहे. मग साऱ्या गावाचे रक्त तपासले गेले. हा बदल असलेली माणसे शोधत मागे मागे गेल्यावर सगळ्यांचे मूळ अठराव्या शतकातील एका जोडप्यापाशी पोचले. या प्रकाराला ‘मिलानो’ हे नाव पडले. २००३ साली हे प्रथिन शिरेवाटे दिल्यावर ४७ रुग्णांच्या छोट्या चाचणीत रोहिणीतला थर किंचित कमी झालेला दिसला आणि फार गाजावाजा झाला. २०१६ साली अधिक रुग्णांवर ते पुन्हा तपासले तेव्हा काहीच फायदा आढळला नाही.

तरी एक शेवटचा आणि सर्वांत सरळ प्रयोग उरला होता. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेले साधे अपो-ए-१च रुग्णांना द्यायचे. १८,२१९ रुग्णांना झटक्यानंतर लगेच, आठवड्याला एकदा असे चार वेळा शिरेतून औषध दिले. निम्म्यांना खरे आणि निम्म्यांना नुसता द्रव. एका वेळचे प्रमाण ६ ग्रॅम. आपल्या रक्तातील द्रव सुमारे तीन लिटर, आणि त्यात १०० मिलिलिटरला १३० मिलिग्रॅम या दराने सारे मिळून अपो-ए-१ भरते जेमतेम ४ ग्रॅम. म्हणजे शरीरात धावणाऱ्या एकूण गाड्यांच्या दीडपट गाड्या एका दमात रस्त्यावर सोडल्या! ९० दिवसांत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तत्सम कारणाने मृत्यू खऱ्या औषधाच्या गटात ४.८ टक्के लोकांना आला आणि दुसऱ्या गटात ५.२ टक्के. इतका फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. हा निकाल २०२४ साली आला.

मग नागपूरचा अभ्यास चुकीचा ठरला का? मुळीच नाही. वायुभारमापकातला पारा झपाट्याने उतरला की वादळाचा संभव असतो. कोकणातल्या तांडेलाने तो पाहून होडी किनाऱ्याला आणणे शहाणपणाचे. पण नळीत पारा ओतून वादळ टळत नाही. अपो-ए-१ हा सूचक आहे. सूचक खरा असतो आणि उपयोगीही असतो, पण तोच कारण असेल असे नाही.

अपो-ए-१चा पारा बहुधा कशाने उतरतो, याचा पुण्यात चांगला खुलासा मिळतो. २००४ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. दोघांचाही निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, असा आपल्यापैकी अनेकांचा बांधा आहे. अशी चरबी, विशेषतः पोटातली, वाढली की यकृतातून ट्रायग्लिसराइड नावाचा मेद रक्तात अधिक उतरतो. तो एचडीएलच्या गोळीत शिरतो आणि तिच्यातले कोलेस्टेरॉल बाहेर पडते. मग ती गोळी लहान होते, अपो-ए-१ सुटे पडते आणि मूत्रपिंडात जाऊन नष्ट होते. म्हणजे बैठे काम, पोटाचा घेर, वाढती साखर यांची सावली अपो-ए-१च्या आकड्यावर पडलेली असते. सावली पुसून वस्तू हलत नाही.

एलडीएलची गोष्ट मात्र निराळी. तेथे पाहण्या, जनुकांची सोडत आणि औषधांच्या चाचण्या हे तिन्ही साक्षीदार एकच जबानी देतात : अपो-बीच्या गाड्या कमी केल्या की झटके कमी होतात. म्हणून घरच्या कागदावर अपो-ए-१समोर ‘कमी’ लिहिलेले दिसले, तर त्याच कागदावरचे अपो-बी किंवा एलडीएल, ट्रायग्लिसराइड आणि साखर यांच्याकडे बोट दाखवा आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवायला सांगा. ‘चांगले कोलेस्टेरॉल वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी बाटली दुकानातच राहू द्या. तंबाखू सोडल्याने आणि रोज चालल्याने एचडीएल थोडे वाढते खरे, पण चालण्याचा फायदा त्या वाढीपुरता नसतो. साखर, रक्तदाब आणि पोटाचा घेर या सर्वांवर तो पोचतो.

राहता राहिला एक प्रश्न, जो हुशार विद्यार्थी विचारतोच : गाड्या मोजून काम भागत नसेल तर मोजायचे तरी काय? टाकीत पाणी किती आहे आणि नळातून ते किती वेगाने वाहते आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपो-ए-१चा आकडा टाकीचा आहे. पेशींतून कोलेस्टेरॉल किती वेगाने बाहेर निघते, हा नळाचा प्रश्न आहे. तो मोजण्याची रीतही निघाली आहे. काचेच्या बशीत भक्षक पेशी वाढवायच्या, त्यांना खुणेचे कोलेस्टेरॉल खाऊ घालायचे, मग त्यांवर त्या माणसाच्या रक्तातील द्रव घालून काही तासांत किती खूण बाहेर आली ते पाहायचे. अमेरिकेत डॅलस येथील सुमारे २,९०० लोकांच्या पाहणीत, २०१४ साली, हा वेग सर्वांत जास्त असलेल्या चतुर्थांशात हृदयरोग सर्वांत कमी असलेल्या चतुर्थांशापेक्षा ६७ टक्क्यांनी कमी आढळला, आणि हा फरक एचडीएलच्या आकड्यावर अवलंबून नव्हता. पण या तपासणीसाठी जिवंत पेशी सांभाळाव्या लागतात, आणि प्रत्येक प्रयोगशाळेत उत्तर सारखे येईल याची हमी देणे अवघड जाते. म्हणून हिंजवडीहून घरी येणाऱ्या कागदावर गाड्यांचा आकडा असतो, त्यांच्या फेऱ्यांचा नसतो.